अकरा जणांचा वुत

थायलंडमधल्या लाम्पांगच्या त्या कारखान्यात कोंबड्याचं चित्र असलेले वाडगे बनत, आणि कारखान्यातला सगळ्यात कष्टाळू माणूस होता वुत. हे कारखान्यातलं कुणी म्हणत नसे. साच्यांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर जी कंपनी पुरवायची, तिच्या नोंदी तसं सांगत. त्या नोंदींनुसार वुत पहाटेच कामाला बसे, जेवायला उठत नसे, एकाच वेळी किटलीचा कान आणि बशीचा काठ काढत असे, आणि रात्रपाळीलाही ताजातवाना असे. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचे विहारात राहायचे पावसाळी तीन महिने, लागला तसं वुतने डोकं भादरलं, चीवर पांघरलं आणि तो गावाबाहेरच्या विहारात जाऊन राहिला, तरी त्याच्या कामात खंड पडला नाही. उलट किटल्या वाढल्या.

कारण साधं होतं. कारखान्यात या सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच होतं, वुतच्या नावाचं, आणि तो गेल्यावरही त्या नावावर अकरा जण काम करत.

वुतला वैराग्य वगैरे आलं नव्हतं. मुलाने एक वर्षावास भिक्खू होऊन काढला की त्याच्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गात जाते, आणि वुतच्या आईची तिकडे जायची तयारी पूर्ण होती. शिवाय होणाऱ्या सासऱ्याने हे लग्नाआधीच उरकून घ्यायला बजावलं होतं. मालकीण लियान हिने, जिला सगळे 'जे' म्हणजे ताई म्हणत, रजा मुकाट्याने दिली. असल्या रजेला नाही म्हणणारा पुढच्या जन्मी कोण होतो याबद्दल बाजारात अनेक मतं होती, आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

वुत गेला आणि सॉफ्टवेअर सांभाळायचं त्याचं काम खिमच्या गळ्यात पडलं. खिम चियांगमाईहून पदवी घेऊन आली होती. भट्टीत हवा भरपूर असली तर तांब्याची झिलई हिरवी होते आणि हवा कोंडली तर लाल, ती नेमकी कुठल्या क्षणी बाजू बदलते हे तिला शोधायचं होतं. त्यासाठीच ती या कारखान्यात आली होती. जेने तिला भट्टीऐवजी खुर्चीवर बसवलं.

"कुठलं सॉफ्टवेअर कधी संपतं, कोण वापरतं, कोण नुसतंच अडवून बसलंय, एवढं बघायचं," जे म्हणाली. "वुत परत येईपर्यंत एक दिवससुद्धा काही बंद पडलं नाही, तर झिलईची प्रयोगशाळा तुझी."

"आणि पडलं तर, जे?"

"तर वाडगे पुसायला फडकं देईन. चांगलं सुती देईन."

खिमने काम मनापासून केलं, कारण तिला काहीही मोजायला दिलं तरी ती रमायची. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं एक लायसन्स अशा कारकुनाच्या नावे दरवर्षी रिन्यू होत होतं, जो कधीच वारला होता. पितरांच्या चेंगमेंग सणाला त्याच्या थडग्यावरसुद्धा इतक्या नेमाने कुणी जात नसे. फोटो सुधारायचं महागडं सॉफ्टवेअर जेच्या भाच्याकडे होतं, आणि तो त्यावर फक्त स्वतःची हनुवटी बारीक करत असे. खिमने हे सगळं निपटलं. जे खूश झाली, भाचा नाही झाला.

मग साच्यांच्या सॉफ्टवेअरची मुदत संपत आली, आणि या वेळी कंपनीने नवीनच टूम काढली. ज्याच्या नावावर लायसन्स आहे त्याने स्वतः उघडायचं, त्याच्या फोनवर ओटीपी जाईल तो टाकायचा, आणि खालच्या ओळीवर खूण करायची: हे सॉफ्टवेअर मी एकटाच वापरतो.

"मग त्यात काय," जे म्हणाली. "उद्या विहारात जायचंच आहे, शील घ्यायचा, उपोसथाचा दिवस आहे. जेवण देऊ, ओटीपी घेऊ, येऊ."

"पण ते भिक्खू आहेत आता."

"भिक्खूला बोटं नसतात का?"

दुसऱ्या दिवशी जेने चिकट भात, डुकराच्या मांसाचं हांग ले कालवण आणि भाजक्या मिरच्यांचा ठेचा घेतला; शिवाय साबण, नूडल्स आणि टूथपेस्ट भरलेली दानाची पिवळी बादली. खिमने लॅपटॉप घेतला. सभागृहात गावातल्या बायाबापड्या जमल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे, जागा धरून, वुतची आई बसली होती. सगळ्यांनी मिळून पंचशील घेतलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील जेने सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटलं. तिचा गळा मुळातच मोठा होता.

जेवणं उरकल्यावर जे आणि खिम वुतसमोर जाऊन बसल्या. महिन्यापूर्वी जे त्याला 'ए वुत' म्हणून हाक मारायची. आता तरुण भिक्खूला म्हणतात तसं हात जोडून म्हणाली, "लुआंग पी, एक बारीकसं काम होतं."

नव्या भिक्खूंचे फोन विहाराच्या प्रमुखांनी, महाथेरांनी, बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवले होते. वुतने परवानगी काढून आपला आणला. बाईच्या हातून भिक्खूच्या हाती काही जात नाही, म्हणून त्याने पुढ्यात कापड पसरलं आणि खिमने लॅपटॉप त्यावर ठेवला. फोनवर ओटीपी आला, वुतने तो टाकला. मग तो ती ओळ वाचत बसला.

"हे नाही करता येणार, योम," तो म्हणाला. भिक्खू उपासकांना योमच म्हणतात.

"का? चष्मा विसरलात का?"

"हे खोटं आहे."

"तीन वर्षं तूच तर–" जेने जीभ चावली. "तीन वर्षं लुआंग पींनीच तर हे सांभाळलं. तेव्हा खरं होतं का?"

"तेव्हा मी फक्त नोकर होतो. आता खोटं बोललो तर दुसऱ्या भिक्खूपुढे कबुली द्यावी लागते."

"मग द्या ना. कबुलीची सोय ठेवलीय ती वापरण्यासाठीच असणार."

एवढ्यात मागून आवाज आला. "कसलं खोटं रे वुत?"

वुतची आई गुडघ्यांवर सरकत पुढे आली होती, आणि तिच्या मागे आणखी चार बाया, कारण आदल्या दिवसापासून गावात ऐकण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

"काही नाही, मावशी," जे म्हणाली. "कागदपत्रांचं आहे."

"मी त्याच्या चीवराला धरून वर जायचंय. अर्ध्या वाटेत फाटलं तर तुम्ही झेलणार का?"

बायांनी माना डोलावल्या. झेलायला कुणी तयार दिसत नव्हतं.

गलका ऐकून महाथेर आले. बारीक अंगाचे, म्हातारे, आणि दुपारच्या झोपेआधी चाललेल्या कुठल्याही गोष्टीला कंटाळलेले. वुतने त्यांना थोडक्यात सांगितलं. जेने मात्र अजून हार मानली नव्हती.

"लुआंग पो, 'मी' असं काही नसतंच, ही तथागतांचीच शिकवण ना? सगळं अनात्म. मग 'मी एकटा' काय आणि अकरा काय?"

"'मी' नसतो हे खरं, योम," महाथेर म्हणाले. "पण अकरा असतात." आणि ते झोपायला गेले.

जे खिमच्या कानाशी वाकली. "ओटीपी पडलाय. तू दाब. तू कुठे भिक्खू आहेस?"

खिमने पडद्याकडे पाहिलं. बटण वीतभर अंतरावर होतं. ते दाबलं तर आराखडे चालू राहणार होते, वर्षावास सरणार होता आणि प्रयोगशाळा तिची होणार होती. आईला, बायांना त्यातलं काही कळलं नसतं. फक्त पुढच्या वर्षी हेच पान पुन्हा उघडलं असतं आणि समोर खिमच बसलेली असती. तिला त्या वाक्याचा खोटेपणा पापापेक्षा चुकीच्या मोजमापासारखा बोचत होता: वुत एकटा वापरत नव्हता, आणि आता तर तो वापरतच नव्हता.

ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती, बारीक अक्षरातली.

"लुआंग पी," ती म्हणाली, "ही दुसरी वाचा. 'मी हे आता वापरत नाही. लायसन्स मोकळं करावं.' हे तर खरं आहे ना?"

वुतने वाचलं. त्याचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा सैल झाला. "हे खरं आहे."

"खिम," जे दबक्या आवाजात म्हणाली, "हात लावशील तर बघ."

खिमने लावलाच नाही. वुतने लावला.

विहारात ओरडता येत नाही म्हणून जे गाडीपर्यंत गप्प राहिली, आणि गाडीत तिने साठलेलं सगळं काढलं. खिमच्या पदवीपासून सुरुवात झाली आणि पणजोबांपर्यंत गेली. कारखान्यात पोहोचल्या तेव्हा अकराच्या अकरा जण अंधारलेल्या पडद्यांसमोर हात बांधून बसले होते. वुत एकदाचा थांबला होता.

"आता अकरा लायसन्स घेऊ का?" जे म्हणाली. "विकू का भट्टी?"

"चार," खिम म्हणाली.

"काय चार?"

"चार पुरतात. वाटून वापरायची असतात तशी मिळतात, नावाशिवाय. एका वेळी चाराच्या वर माणसं काम करतच नाहीत. पहिल्या आठवड्यापासून मी बघतेय. बाकीचे सात चहा पीत असतात."

सात जणांनी इकडे तिकडे पाहिलं. आपण नेमके कुठल्या सातांत, हे कुणालाच ठरवायचं नव्हतं.

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, जे. तुम्ही फक्त बंद पडू देऊ नको म्हणालात."

जेने चार घेतली. पैसे भरताना तिने असे आवाज काढले, जणू दात उपटतायत. सांभाळणाऱ्याच्या जागी कुणाचं नाव घालायचं हे विचारलं तेव्हा दहा जण एकदम संडासाकडे गेले आणि अकरावा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला, तो चपला घालून आला असूनही. खिमने स्वतःचं नाव घातलं. दुसऱ्या सकाळी पडदे उजळले.

दुपारी जेने तिला आत बोलावलं.

"एक दिवस बंद पडलं."

"हो."

"मी म्हटलं होतं, बंद पडलं तर प्रयोगशाळा नाही. काल शील घेतलंय मी, शब्द फिरवता येत नाही."

"कालच्यापुरतं घेतलं होतं ना?"

"तुझ्यासारखे हिशेब मला जमत नाहीत." जेने तिच्याकडे न बघता पेरू कापला, मिठाच्या पुडीत बुडवला आणि अर्धा खिमपुढे सरकवला. "प्रयोगशाळा मिळणार नाही. पण रविवारी छोटी भट्टी रिकामीच असते. तिथे कोण काय भाजतं ते मला माहीत नाही. सांगूही नकोस. कुणी विचारलं तर उगाच खोटं बोलावं लागेल."

खिमने पेरू खाल्ला. "तांब्याचं ऑक्साइड थोडं लागेल, जे."

"कसलं ऑक्साइड? मी काही ऐकलं नाही," जे म्हणाली. "गोदामात डाव्या हाताला, खालच्या फळीवर."