बाजिंद्याची घंटी

“आता हे तुला खोटंच वाटंल,” असं म्हणत बिरप्पानं गाडीच्या दारावर थाप मारली, विकायला आणलेल्या बैलाची पाठ थोपटावी तशी.

सोमशेखर त्याच दाराचं आतलं कव्हर काढून बसला होता. होटगी रोडवरच्या त्याच्या दुकानात ही गाडी इतक्यांदा आली होती, की खोटं वाटून घेण्याचीही त्याला सवय झाली होती.

गोष्ट अशी, की बिरप्पाचा बाजिंदा नावाचा मेंढा टेंभुर्णीच्या बाजारात चुकला. बिरप्पा तेव्हा मोडनिंबाच्या शिवारात मेंढरांपाशी निजलेला. पहाटं बाजिंद्याच्या गळ्यातली घंटी कानावर आली, थेट टेंभुर्णीहून, हायवेवरच्या साऱ्या ट्रकांना ओलांडून. आणि नुसती आली नाही, मेंढ्याला तहान लागलीय हेही तिनं सांगितलं.

“घंटीत तहान कळती व्हय, अज्जा?”

“कानात कळती. घंटी निमित्ताला.”

मागच्या सीटवर केराबाईनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याच्या थापा ऐकायच्या, मोडायच्या नाहीत, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं.

गाडी थोरल्या पोराची, मल्हारची. तो चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. जत्रेत ढोलाच्या तालावर बाजिंद्याला मिरवलं, ते त्यानं मोबाइलवर घेतलं आणि परतताना गाडीत लावलं. ढोल वाजला. बिरप्पानं विचारलं, घंटी कुठाय? मल्हारनं गाडी कडेला घेतली, बापाकडं बघितलं आणि सांगितलं, की घंटी मघापासनं वाजतीय. मग खालच्या मानेनं मुद्द्याचं बोलला. घंटी ऐकू येत नसेल तर आबांनी मेंढरं घेऊन रानात जायचं नाही, मधे हायवे आहे. एक तर कानाला मशीन लावू, नाहीतर कळप चुलतभावाला, शहाजीला, देऊन टाकू.

“मशीन लावायचं तर गाडीला लाव,” बिरप्पा म्हणाला होता. “माझं कान काय कंपनीनं बसवल्यालं न्हायती.”

आणि त्यानं सगळं खापर कंपनीच्या स्पीकरवर फोडलं. डब्यात खडे वाजवल्यासारखा आवाज, त्यात घंटी कशी उमटणार? शेवटी दोघांचं ठरलं. गाडीतलं सगळं बदलायचं. तरी घंटी आली नाही, तर कळप शहाजीचा.

सोमशेखरनं आधी दारांतले स्पीकर बदलले. ढोल असा घुमला की बिरप्पाच्या मांड्या थरारल्या. घंटी नाही. मग काचेच्या कडेला ट्विटर बसवले. बारीक आवाज काढायलाच ते असतात, रुपयाएवढे दिसतात. शेजारचा पंक्चरवाला घंटी ऐकून मेंढरं बघायला बाहेर आला. बिरप्पानं त्याच्याकडं संशयानं पाहिलं आणि सोमशेखरला विचारलं, पुढचं काय असतंय? पुढचं म्हणजे ॲम्प्लिफायर. तो सीटखाली गेला. ढोल आता पोटात वाजू लागला. घंटी नाहीच.

दर खेपेला कळपातला एकेक मेंढा बाजार बघत होता.

“घंटी ऐकू येईस्तवर ती वाजवायला कळपच उरायचा न्हाय,” केराबाई एकदा म्हणाली.

“न्हाय उरला तर न्हाय उरला. पर माझ्या हातनं जाईल, शहाजीच्या न्हाय.”

आणि आज हा शेवटचा टप्पा होता. पत्रा खुळखुळू नये, बाहेरचा गलका आत येऊ नये, म्हणून दारांच्या आत जाड काळी शीट चिकटवायची. ह्याच्यापुढं बदलायला इंजिनच राहतंय, असं सोमशेखरनं आधीच बजावलं होतं. मल्हारनंही एक बजावलं. या वेळी ढोल नाही. शहाजीनं नुसत्या घंटीचं रेकॉर्डिंग पाठवलंय, तेच लावायचं.

काम झालं. सोमशेखर स्टिअरिंगसमोर बसला, बिरप्पा त्याच्या शेजारी, मल्हार आणि केराबाई मागं. दारं लागली तसा रस्त्यावरचा गोंगाट एकदम विझला. सोमशेखर मल्हारचा मोबाइल घेऊन रेकॉर्डिंग शोधू लागला. ऐकताना डोळे मिटून घ्यावेत हे रानातलं शहाणपण. बिरप्पानं पटका सारखा केला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्यानं एक बोट वर केलं.

“आली.”

मल्हार पुढं सरकला. सोमशेखरचं बोट मोबाइलवर होतं तिथंच थांबलं.

“आली, आली. काय लख्ख वाजतीया. खडीवरनं चाललाय बग बाजिंदा. पुढचा उजवा पाय राखून टाकतोय, काटा हाय त्यात.”

केराबाई पुढं वाकली. नवऱ्याच्या कानाला तोंड लावून तिनं काहीतरी सांगितलं, पोराला आणि परक्या माणसाला कळू नये एवढ्याच आवाजात. बिरप्पाची मान ठेक्यात हलत राहिली.

“आता पाण्यावर आला. वाकला. म्हणून थांबली जरा.”

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी मल्हारनं मान खिडकीकडं वळवली, म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं.

“ही बग, परत सुरू झाली,” बिरप्पा म्हणाला.

केराबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेताच्या पल्याडच्या माणसाला हाक घालावी तशा आवाजात म्हणाली,

“अवं, त्यानं अजून लावलंच न्हाय.”