शून्य धरणारा

शहरातल्या त्रेचाळीस जुन्या चर्चची मापं घेऊन ज्याने त्यांचे नकाशे काढले, त्याला सगळे गुण्यासाहेब म्हणत. गुण्या म्हणजे गवंड्याचं ते काटकोनी हत्यार, कोपरा बरोबर बसला की नाही ते सांगणारं. गृहस्थही तसाच. कुणाकडे गेला की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा, मग नमस्कार.

मंगळवारी सकाळी त्याला त्यातल्याच एका चर्चच्या फादरांचा फोन आला.

"साहेब, जरा येता का? आमचा फरशीवाला तुमच्या नकाशावर रुसलाय."

गुण्यासाहेब गेला. बाकं भिंतीकडे सरकवून ठेवली होती. जुनी फरशी उखडून काळ्यापांढऱ्या फरश्या बसवणं चाललं होतं. दारापासून मधल्या खांबांपर्यंत पट झकास जमला होता. पुढे मात्र वेदीच्या पायरीपाशी त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

फरशीवाला पायरीशी उकिडवा बसला होता. "डावीकडे फरशी कापावी लागते, उजवीकडे फट राहते. एक तर चर्च वाकडं, नाहीतर तुमचा कागद."

"माझा कागद वाकडा नसतो."

"मग धरा की टेपचं टोक. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

दोघांनी मापलं. दाराच्या डाव्या कोपऱ्यातून वेदीच्या उजव्या कोपऱ्यात, मग उजव्यातून डाव्यात. जागा चौकोनी असेल तर ही दोन तिरकी मापं सारखी यायला हवीत. नऊ इंचांचा फरक आला. गुण्यासाहेबाने टोकं बदलून मापलं. पुन्हा नऊ.

"जुने लोक सांगतात," फादर म्हणाले, "बांधणाऱ्यांनी वेदीची बाजू मुद्दाम कलती ठेवली. क्रुसावर प्रभूची मान कलली होती, तशी. काही जण म्हणतात, मुकादम चुकला आणि ते झाकायला ही गोष्ट निघाली."

"आमच्या चुकांना कधी एवढी चांगली गोष्ट नाही मिळाली!" फरशीवाला म्हणाला.

फादर हसले. गुण्यासाहेब टेप गुंडाळत राहिला. नऊ इंच हा फरक त्याने याच जागी एकदा वाचला होता, बावीस वर्षांपूर्वी.

तेव्हा टेपच्या दुसऱ्या टोकाला त्याचा थोरला भाऊ असायचा. दादाचं काम एवढंच की कोपऱ्यात शून्य दाबून धरायचं आणि 'हं' म्हणायचं. आकडा वाचायचा आणि लिहायचा धाकट्याने. बत्तीस चर्च दोघांनी अशी मापली. दादाला मात्र मापांपेक्षा माणसंच जास्त दिसत.

"कबुलीजबाबाच्या खोलीसमोरची फरशी बघ किती खोलगट झालीय. पापी माणसं वक्तशीर दिसतात इथली."

"दादा, हं म्हण."

"आणि बाकांवरच्या पितळी पट्ट्या वाचल्यास का? नाव जेवढं मोठं, तेवढं बाक पंख्याच्या जवळ."

"दादा, हं!"

तेहेतिसावं चर्च हे. तिरकी मापं जुळेनात, नऊ इंचांचा फरक.

"टोक सुटलं तुझं," धाकटा वेदीपाशी उभा राहून म्हणाला.

"नाही सुटलं. पुन्हा माप."

"गरज नाही. पट्ट्या वाचत बसतोस. तुला साधं शून्यही धरता येत नाही!"

वेदीपाशी बोललेलं दारापर्यंत खणखणीत ऐकू जावं अशीच बांधणी असते चर्चची. केलेली असते ती प्रवचनासाठी. मागच्या बाकावर जपमाळ ओढत बसलेल्या चार म्हाताऱ्यांचे हात थबकले. दादाने टेपचं टोक अलगद बाकावर ठेवलं, रुमालाने बोटं पुसली आणि दाराबाहेर पडला. धाकट्याने एक माप खोडून दुसरंच दोन्हीकडे लिहिलं. कागदावर चर्च गुण्यात आलं. उरलेली दहा चर्च त्याने रोजाच्या माणसाला घेऊन मापली.

दादाने पडद्याच्या कापडाच्या दुकानात नोकरी धरली. त्याच्या हातचं माप कधी कमी भरत नाही, म्हणून गिऱ्हाईक त्याचीच वाट बघत थांबे. भाऊ लग्नाकार्यात भेटत, हवापाण्याचं बोलत, गुडघ्यांची चौकशी करत. त्या दिवसाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

मंगळवारी संध्याकाळी गुण्यासाहेब दादाच्या दारात उभा राहिला. वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती. वहिनीने दार उघडताच सगळी पळाली.

"एक माप घ्यायचंय," तो म्हणाला. "शून्यावर कुणी नाही."

"अगंबाई! शून्याची किंमत कळायला बावीस वर्षं लागली का भावोजी?" वहिनी म्हणाली. "बसा. आणि ती तसबीर आहे तशीच राहू दे."

आतून दादा आला. वाळला होता. कप घेताना बशी वाजली, म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

"कुठलं चर्च?"

"तेहेतिसावं."

दादाने कप खाली ठेवला. "उद्या सकाळी ये," म्हणाला. "जिना उतरायला वेळ लागतो मला."

सकाळी चर्चमध्ये शिरल्यावर दादाने पहिल्यांदा कबुलीजबाबाच्या खोलीकडे पाहिलं. "हे काय, नवी फरशी? आता पाप्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात." मग खांबाचा आधार घेत घेत तो डाव्या कोपऱ्यात बसला आणि शून्य दाबलं.

"हं."

पहिलं माप बरोबर आलं. दादा उठला, उजव्या कोपऱ्याशी गेला, बसला. वेदीपाशी गुण्यासाहेबाच्या हातात टेप थरथरत होती. पलीकडे दादाने दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं होतं, तरी टोक कोपरा सोडून पुढे सरकलं. चांगलं दोन बोटं.

"हं."

गुण्यासाहेबाने आकडा वाचला. फरक सातच इंचांचा येत होता.

फरशीवाल्याने तोंड उघडलं. गुण्यासाहेबाने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

"किती?" दादाने विचारलं.

"नऊ. तेव्हा आले होते तेवढेच, दादा. टोक सुटलं नव्हतं तुझं."

दादा तसाच वाकून बसला होता. त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग टोकाकडे, मग कोपऱ्याकडे.

"हात हलला माझा," तो म्हणाला. "पुन्हा माप."

"गरज नाही," गुण्यासाहेब म्हणाला, आणि वहीत नऊ लिहिलं.