तोग्जानची दोरी

आमच्याकडे मूल पहिली चार पावलं टाकायला लागलं, की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात आणि कुणीतरी मान्यवर माणूस ती सुरीने कापतो. कापणाऱ्यासारखं मूल निघतं, असं सगळे मानतात. म्हणून कोण कापणार यावर घराघरात महिनाभर खल चालतो. आमच्या घरात तो चाललाच नाही. माझ्या सासूबाईंनी एका जेवणात ठरवून टाकलं, की माझ्या मुलीची, तोग्जानची दोरी सेरगाझी आगा कापतील.

सेरगाझी आगा म्हणजे माझे थोरले काका. तीस वर्षं शाळेचे मुख्याध्यापक, कोटावर सरकारी पदक, एकाहत्तराव्या वर्षीही ताठ कणा. तराझ शहरापासून आमच्या गावापर्यंत कुणालाही विचारा, देवमाणूस म्हणतील. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून अकराची होईपर्यंत हा देवमाणूस मला शिकवणीच्या नावाखाली त्याच्या खोलीत बोलवायचा आणि आतून कडी लावायचा. यापुढचं मी सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं, आणि ज्यांना तपशील हवेत त्यांच्यासाठी मी बोलत नाहीये.

आता मी चौतीस वर्षांची आहे, टपाल कचेरीत काम करते. खुर्ची भिंतीला टेकवून बसते, कारण पाठीमागे कुणी उभं राहिलं की माझे हात गार पडतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने, नुरकेनने, मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, तर मी कोपराने त्याचा दात पाडला. तो बिचारा अजून लोकांना घोड्याने लाथ मारली म्हणून सांगतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधूनच मी नसतेच. समोर भरलेलं ताट असतं, कुणीतरी बोलत असतं, मग एकदम ताट रिकामं असतं आणि मधलं काही आठवत नाही. अल्माटीच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, लहानपणी तुला पळून जाता येत नव्हतं, तेव्हा तुझं मन पळायला शिकलं, आता ते थांबत नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप येते, बाकी सगळं तसंच आहे.

तोग्जान झाल्यावर तर तिला आंघोळ घालायचीही मला धास्ती वाटायला लागली. माझा माझ्या हातांवरच विश्वास नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "कसली गं आई तू? पोरीला पाण्यात धरतेस की विस्तवात?" मी पोरीला त्यांच्याच हातात द्यायचे.

दोरीसाठी मी दुसरं नाव सुचवून पाहिलं. सासूबाईंनी चहा ओतता ओतता मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग काय तू कापणार? घरात एक दचकणारी आहे तेवढी पुरे." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

मग मी आईला फोन केला. तिला आम्ही आपा म्हणतो.

"आपा, आगाला येऊ नको म्हणून सांग."

"काय कारण सांगू? सत्तर माणसांना आमंत्रण गेलंय."

"खरं कारण सांग."

"हे बघ कमशात, पंचवीस वर्षं झाली. म्हातारा झालाय तो. तुझा बाप गेल्यावर तुला कॉलेजात कुणी घातलं? आता कशाला उकरून काढतेस?"

"मी दहा वर्षांची असताना तुला सांगितलं होतं."

"लहान मुलं काहीही सांगतात."

"दुसऱ्या दिवशी तू मला पुन्हा शिकवणीला पाठवलंस. वर त्याच्यासाठी कणकेचे गरम बाउरसाक तळून बांधून दिलेस."

ती म्हणाली, "सासरी कळलं तर काय तोंड दाखवशील? तुझ्या पदरात मुलगी आहे. उद्या तिच्या लग्नात हे आडवं येईल." आणि तिने फोन ठेवला.

जी पोरगी अजून भिंत धरून चालत होती, तिच्या लग्नाची हिला काळजी.

मी ठरवलं, आगाने सुरी हातात घेतली की सगळ्यांसमोर बोलायचं. नुरकेनला आधी सांगायचा धीर झाला नाही. तो चांगला आहे, आणि त्यानंतर तो माझ्याकडे कसा बघेल याचीच मला भीती होती. टपाल कचेरीत पाकिटांवर शिक्के मारताना मी माझं वाक्य पाठ करत होते. आठवडाभरात ते मला नावासारखं तोंडपाठ झालं.

दोरी कापायच्या दिवशी अंगणात जर्दाळूच्या झाडांखाली पांढरं कापड अंथरलं. नणंदेने तोग्जानच्या पायांना दोरी बांधली. पोरगी गोंधळून खाली वाकून बघत होती. मी आगाला फाटकात शोधत होते, आणि तो घरातून आला, माझ्या पाठीमागून.

"कमशातजान, किती वाळलीस गं," तो म्हणाला. "झोप लागत नाही का?" आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

भानावर आले तेव्हा मी आत, बैठकीत बसले होते आणि हातातल्या वाटीतला चहा गार झाला होता. सगळी माणसं जमिनीवर जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती जेवत होती. सगळ्यात मानाच्या जागी आगा बसला होता, अंगावर आम्ही आहेर केलेला नवा झगा, पुढ्यात मेंढ्याचं शिजवलेलं डोकं. त्याचा कान कापून तो तोग्जानला भरवत होता. तोग्जान त्याच्या मांडीवर होती. तिच्या पायात दोरी नव्हती. माझ्या मुलीची पहिली मोकळी पावलं मी बघितलीच नव्हती. तो दिवसही त्याने माझ्याकडून काढून घेतला होता.

पाठ केलेलं वाक्य मला आठवेना. मी उठले आणि दस्तरखानावरून चालत गेले, भाकरी, वाट्या, सगळं ओलांडत. आमच्यात जेवणावर पाय देण्याएवढं दुसरं पाप नाही. एक वाटी लवंडली. कुणी काही म्हणायच्या आत मी पोरीला त्याच्या मांडीवरून उचललं. अंगणातून आणलेले कापलेल्या दोरीचे दोन तुकडे दारापाशी पडले होते. मी पोरीला तिथे उभी केली आणि तुकड्यांना गाठ मारून दोरी पुन्हा तिच्या पायांना बांधायला लागले.

"डोकं फिरलंय का तुझं?" सासूबाई म्हणाल्या. "कापलेली दोरी कुणी पुन्हा बांधतं का?"

"याने कापलेली बांधायची असते," मी म्हणाले. "मी आठ वर्षांची असल्यापासून तीन वर्षं हा मला खोलीत घेऊन कडी लावायचा. याच्या मांडीवर माझी मुलगी बसणार नाही. माझ्या आईला विचारा, तिला माहीत आहे."

आगा शांतपणे सुरी पुसत होता. "ती गोळ्या घेते, डोक्याच्या," तो सगळ्यांना म्हणाला. "तिच्या आईनेच सांगितलं मला. बिचारीला आपण काय बोलतो याचं भान राहत नाही."

सगळे आपाकडे बघायला लागले. मी त्याच्या हातातली सुरी हिसकावली आणि आपाच्या पुढ्यात धरली.

"तू काप. आणि कापताना सांग, ही पुन्हा का कापावी लागतेय."

ती सुरीकडे बघत राहिली. रंगवलेल्या केसांची, नीटनेटकी, चार लोकांत कधीही आवाज न चढवणारी माझी आई. त्या क्षणी मला आगापेक्षा तिचाच जास्त संताप आला.

"मी नाही कापणार," ती म्हणाली.

"झालं," मी म्हणाले. "पुन्हा तेच."

"नाही कापणार, कारण ती माझ्यासारखी निघेल." तिने सासूबाईंकडे तोंड वळवलं. "हिने मला सांगितलं होतं, विहीणबाई. रडत रडत सांगितलं होतं. मी दुसऱ्या दिवशी हिला परत त्याच्याकडे पाठवलं."

कुणी घास घेईना. नुरकेन उठला, आगाजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावरचा नवा झगा त्याने काढून घेतला. झगा हातात घेऊन तो तिथेच उभा राहिला, आगा उठून चपला शोधेपर्यंत.

"तू काप," आपा मला म्हणाली.

"माझ्यासारखी होईल ती."

"होऊ दे."

मी तिला माफ केलं नाही. आजही केलेलं नाही. पण पोरीसमोर गुडघ्यांवर बसले. सासूबाईंनी पुढे होऊन दोरी ताणून धरली. सुरी दोनदा घसरली. मन पळायला बघत होतं, मी ते धरून ठेवलं. दोरी तुटली आणि तोग्जान झुलत झुलत सतरंजीच्या कडेपर्यंत गेली, तिथे धपकन बसली, पुन्हा उठली. मी तिथेच होते. तिची सगळी पावलं मी पाहिली.