कातळवाडीतलं थेट प्रक्षेपण

नूरमहंमद शेवटच्या खिडकीवर जुनं वर्तमानपत्र चिकटवत होता तोवर निम्म्या खुर्च्या भरल्यासुद्धा होत्या. शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर उजेडापुढे टिकत नव्हता. खिडकी झाकली तेव्हा कुठे भिंतीवर टाचलेल्या चादरीत लोणावळ्याचा मंडप दिसायला लागला, फुलं लावलेला मंच दिसला, आणि लोकांनी समाधानानं पाय पसरले.

साहित्य महोत्सव लोणावळ्यात होता आणि मावळातल्या वाचनालयांना तो जागेवर बसून बघायला मिळणार होता. एरवी कातळवाडीच्या वाचनालयात पाच माणसं जमली तरी ग्रंथपालाला गर्दी झाल्यासारखं वाटायचं. आज मात्र जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या कंपन्यांतून पहिली पाळी संपवून आलेले लोक रिकामे डबे मांडीवर घेऊन बसले होते. कारण सरळ होतं. मंचावर उम्मेहानी येणार होती. ग्रंथपाल नूरमहंमदची मुलगी, आणि पुस्तक लिहिणारं गावातलं पहिलंच माणूस.

बापाला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता. पण आदल्या दिवशी फोनवर हानी म्हणाली होती, "अब्बा, हौसामावशीला नक्की बोलवा. मी रतनचं वाचणार आहे." तेव्हापासून त्याला धास्ती लागली होती.

रतन हौसाची मुलगी, हानीची जिवाभावाची मैत्रीण. दहावीत असताना ती बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यात सापडली. शेळीमागे धावली, पाय घसरला, असं ठरलं. गाव म्हणालं, पाण्यातल्या आसरांनी ओढली. हौसानं ते मानलं आणि दरवर्षी खाणीच्या काठावर जाऊन ती आसरांची ओटी भरू लागली. ज्यांनी लेक नेली त्यांनाच खण-नारळ द्यायचा, ह्या विचारानं नूरमहंमदला दरवर्षी भडभडून यायचं. हानी त्या दिवसांत तापानं फणफणली होती. बरी झाल्यावरही खाणीच्या वाटेनं ती कधी गेली नाही, आणि त्यानंही तिला कधी काही विचारलं नाही. ती त्या दिवशी घरात होती की बाहेर, हेसुद्धा नाही. तो स्वतः सकाळपासून वाचनालयात होता. पोरीनं काही पाहिलं असेल आणि आज ते चारचौघांत, हौसाच्या देखत वाचलं तर? खाण दत्तोबांची होती. वाचनालयाची इमारत दत्तोबांची होती, त्याची नोकरी दत्तोबांच्या शब्दावर होती आणि गावात त्याच्या जातभाईंची घरं तीन.

दत्तोबा पहिल्या रांगेत हाताच्या खुर्चीत बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. त्यांचा मुलगा ओंकार तिकडे लोणावळ्यात होता. महोत्सवाच्या पाहुण्यांना त्यानं आपल्या हॉटेलात उतरवलं होतं, त्यामुळे मंडपात पुढची खुर्ची त्याची. हौसा अगदी मागे, दाराजवळ बसली होती. घडीचं पातळ नेसून आली होती आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून चादरीकडे बघत होती.

आबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते फोनवर बोलायला लागले की सगळी आळी ऐके.

"आली? बरं बरं." त्यांनी मागे वळून सांगितलं, "ओंकार म्हनतोय, चढली आपली हानी स्टेजवर."

सगळ्यांनी माना उंच केल्या. चादरीवर एक टक्कल पडलेले कवी अजून हातवारे करत होते.

"कुटं हाय आबा? हितं तर ह्यो बाबा बसायचं नाव घेईना."

"तिथलं इथं पोचायला जरा वेळ लागतो," नूरमहंमदनं समजावलं. "मिनिटभर मागे असतं आपलं."

"म्हंजी वरातीमागून घोडं."

"आबांना आदी कळतं, आपल्याला मागनं. आजचं हाय का त्ये?"

लोक हसले. आबाही हसले. तेवढ्यात कवी बसले आणि हानी आली. निळा सलवार-कमीज, डोक्यावरून घेतलेली ओढणी, आणि घरी ज्या चष्म्याला ती नावं ठेवायची तोच चष्मा. टाळ्या पडल्या. नूरमहंमदचे डोळे भरून आले आणि ते कोणाला दिसू नये म्हणून त्यानं लॅपटॉपची वायर उगाच नीट केली.

"आमच्या कातळवाडीचे लोक तिकडे बघतायत," हानी माईकमध्ये म्हणाली. "आधी त्यांना नमस्कार करते."

खुर्च्यांमधून दोन-चार हात आपोआप जोडले गेले. आबांचा फोन पुन्हा वाजला.

"बोल. काय वाचतीया?" आबा पुढे झुकले. "रतनचं?" त्यांच्या मते त्यांनी आवाज खाली आणला होता. "आरं, मग गाडीचं काय बोलली का? गाडीचं इचारतोय मी. बरं. बरं, ठेव."

ते उठून उभे राहिले.

"नूर, बंद कर त्ये."

"काय झालं आबा?"

"बंद कर म्हनलं न्हवं."

नूरमहंमदचा हात माउसवर होता. एक बोट दाबायचं, इतकंच काम. चादरीवर हानी पुस्तकाची पानं उलटत होती, खूण शोधत होती, तिला काहीच माहीत नव्हतं. तिकडे तर ती बोलून गेलेली आहे, हे त्याच्या लक्षात आलं. तिनं जे काही सांगितलं असेल ते आता परत घेता येणार नव्हतं. मिनिटभरानं ते इथं येणार होतं, आणि सगळ्या गावात ते अडवणं एकट्या त्याच्या हातात होतं.

"इथून बंद होत नाही आबा," तो म्हणाला. "वरून येतं ते."

आयुष्यात आबांशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराशेजारच्या बोर्डाकडे गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबत गेले. चादर काळी झाली. झाकलेल्या खिडक्यांमुळे कोण कुठे बसलंय तेही कळेना. पण लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि त्याला इंटरनेट नूरमहंमदच्या खिशातल्या फोनवरून येत होतं. मोठा स्पीकर गेला, तरी त्या एवढ्याशा डब्यातून हानीचा बारीक आवाज येत राहिला.

"ही गोष्ट रतनची आहे. नाव खरं ठेवलंय, कारण तिची आई ऐकते आहे."

आबा अंधारातून चाचपडत टेबलापाशी आले आणि त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या आबा," मागून हौसाचा आवाज आला. "माज्या पोरीचं नाव घेतलंय तिनं."

ती उठून पुढे येत होती. तिच्या मागोमाग बाकीच्यांनीही खुर्च्या ओढल्या, आवाज बारीक होता म्हणून. लॅपटॉपच्या निळ्या उजेडात चेहऱ्यांचं कोंडाळं झालं आणि आबांना हात काढावा लागला.

"रतन पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची," हानी वाचत होती. "शेवट वाईट असला की पुस्तक परत. अब्बा रागवायचे. ती म्हणायची, काका, मला आधी कळलेलं बरं."

खरंच म्हणायची. नूरमहंमदला ती टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून उभी राहिलेली दिसली. तो पुढच्या वाक्याची वाट पाहत होता आणि ते येऊ नये अशी दुआही मागत होता.

"रोज आम्ही दोघी शेळ्या घेऊन जायचो. त्या दिवशी मला ताप होता, अम्मीनं अंथरुणातून उठू दिलं नाही. रतन एकटी गेली. तिचा पाय कसा घसरला ते मी पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. मी इतकंच लिहू शकले, की मी बरोबर असते तर तिचा हात धरला असता."

आणखी दोन पानं होती. पाणी होतं, शेळी घरी एकटी परत आली ते होतं, आणि हौसामावशीनं त्या संध्याकाळी दोघींसाठी भाजलेली भाकरी होती. मग लोणावळ्यात टाळ्या वाजल्या.

नूरमहंमदनं श्वास सोडला. पोरगी घरात होती, तिनं काही पाहिलं नव्हतं, कोणाचं नाव घेतलं नव्हतं. सुटलो, असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. कोणीतरी जाऊन मेन स्विच वर केला. उजेड आला, पंखे फिरू लागले, आणि तेव्हा त्याला दिसलं की हौसा रडत नाहीये.

ती आबांकडे बघत होती.

"भाऊ," ती नूरमहंमदला म्हणाली, पण नजर तिनं काढली नाही. "समदं वाचलं का हानीनं? काय ऱ्हायलं तर न्हाई?"

"सगळं वाचलं मावशी."

"मग ह्यात गाडी कुटं हाय?"

चादरीवर पुढचा लेखक येऊन बसला होता आणि मोठ्या स्पीकरवर बोलू लागला होता. नूरमहंमदनं लॅपटॉप बंद केला.

"तुला तरास नको, म्हनून म्या बंद करत हुतो," आबा म्हणाले.

"मला न्हाई तरास. कंची गाडी, त्येवढं सांगा."

"ओंकारचं आपलं कायतरी..." आबा बोलले आणि थांबले. मुलाचं नाव आपल्याच तोंडून गेलं हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि शेजारी बसलेल्या माणसांकडे पाहिलं. ही माणसं त्यांच्या लग्नकार्यात राबलेली, त्यांच्या शब्दाला कधी दुसरा शब्द न जोडलेली होती. एरवी आबा अडखळले की चार हात पुढे येत. आता एकानं मांडीवरचा डबा खाली ठेवला आणि तोही आबांकडे बघू लागला.

"त्याला बोलवून घ्या," हौसा म्हणाली. "आसराच समजत हुते मी इतकी वर्सं. लोनावळ्यास्नं यायला कितीसा येळ लागतो?"

आबांनी फोन हातात घेतला, पण लावला नाही.

नूरमहंमदला अजूनही भीती वाटत होती, किंबहुना आता जास्त वाटत होती. घरी गेल्यावर काय, उद्या नोकरीचं काय, हानीनं गावात यायचं की नाही, सगळं एकदम डोक्यात आलं. त्यानं दाराजवळची हौसाची खुर्ची उचलली, आबांच्या समोर आणून ठेवली आणि तिला म्हणाला, "बसा मावशी. तो येईपर्यंत वाचनालय उघडंच आहे."