बाकावरची बचावपटू

सख्ख्या बहिणीशी कसं वागावं हे थोरल्याला चाळिशी उलटली तरी कळत नाही, असं कात्रीबाईंनी सोमवारी सकाळी दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आतच ठरवून टाकलं. धाकटी हॉस्पिटलातल्या लागोपाठ दोन पाळ्या संपवून तशीच आली होती, नर्सच्या कपड्यांत, डोळे लाल करून. दादाने माझी खेळाडू पळवली, आता मी लीग सोडते, आणि लीग सोडली की दर रविवारी इकडे यायचंही काही कारण उरत नाही, एवढं सांगून चहाला हात न लावता ती चालती झाली.

कात्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवणारं दुकान चालवलं, हातात कात्री आणि तोंडातही कात्री, म्हणून पडलेलं नाव. तोंडावर घ्यायची हिंमत कुणात नव्हती आणि पाठीमागे सगळे घेतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

फुटबॉल म्हणजे बावीस धडधाकट माणसं एका चेंडूमागे धावतात, एवढीच बाईंना माहिती. त्यातून ही लीग कॉम्प्युटरमधली. मैदान खोटं, चेंडू खोटा, माणसं खोटी. भांडणं तेवढी खरी. थोरला, धाकटी, जावईबापू, शेजारचा बेकरीवाला आणि आणखी चौघे, असे आठ जण. प्रत्येकाचा एक संघ. खेळाडू आपणच बनवायचे, त्यांना वीसपैकी गुण द्यायचे, मग सामने कॉम्प्युटर आपले आपण खेळतो. रविवारी दुपारी सुट्टी असेल ते सगळे दुकानात जमत, कापणीच्या टेबलावर लॅपटॉप मांडत आणि घसा बसेपर्यंत ओरडत. बाई तोंडाने त्याला पोरखेळ म्हणायच्या. पण त्या निमित्ताने आपली दोन्ही पोरं एका टेबलाशी बसतात, याचं त्यांना मनातून फार अप्रूप होतं. आता तेच उधळायला निघालं होतं.

त्यांनी थोरल्याला हाक मारली. स्वतः उठून जायची सोय नव्हती. सात महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून थोरल्याने त्यांना गल्ल्याशेजारी गादीच्या खुर्चीत बसवलं होतं. गुडघा कधीच बरा झाला होता, पण जरा हालचाल केली की तो कुठूनतरी म्हणायचा, आई, तू फक्त बस. कापणी त्याने आपल्याकडे घेतली होती आणि बाईंची मोठी कात्री सगळ्यात वरच्या फळीवर गेली होती.

उलटतपासणीत निघालं ते असं. करार संपला की खेळाडू मोकळा होतो. मग त्याच्यावर रविवारी पाच वाजेपर्यंत फोनवरच्या ग्रुपमध्ये बोली लावायची. वर्षभरासाठी प्रत्येकाकडे तीस पॉइंट. पाचच्या ठोक्याला ज्याची बोली मोठी, खेळाडू त्याचा. धाकटीने दुपारी नऊ पॉइंट लावले आणि ती कामावर गेली. तिथे फोन कपाटात बंद करून ठेवावा लागतो. पाचला एक मिनिट कमी असताना थोरल्याने दहा लिहिले.

"नियमात बसतं ते," थोरला म्हणाला.

"नियम कुणी केला?"

"मी."

"वा," बाई म्हणाल्या.

एवढी भांडणं लागण्यासारखी ती खेळाडू तरी कोण, असं विचारल्यावर मात्र थोरला गळ्यातली मापाची टेप उगाच गुंडाळायला लागला. शेवटी त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाईंची शाळा चौथीत सुटलेली, तरी मोठ्या अक्षरातलं त्या बोट ठेवून वाचत. बचावपटू. नाव, कात्री. वय अडतीस. अडवणे एकोणीस. चिकाटी वीस. वेग चार.

बाईंचं बोट शेवटच्या आकड्यावर अडलं.

"चार?"

"गुण धाकटीने दिलेत," थोरल्याने हात झटकले.

रागावून त्यांनी तोंड फिरवलं खरं, पण तासाभराने नऊ-दहा म्हणजे बरे की कमीच, हे आडून आडून विचारून घेतलं. गेल्या वर्षीचा गोलरक्षक चारला गेला होता हे ऐकल्यावर त्यांनी आणखी एक चहा मागवला.

मग त्या विचाराला लागल्या. असला तंटा त्यांनी पूर्वी याच दुकानात मिटवला होता. तेव्हा पाच बायका मशीनवर असायच्या आणि खिडकीजवळचं मशीन प्रत्येकीला हवं असायचं, कारण काळ्या कापडावरचा काळा दोरा फक्त तिथेच दिसे. सकाळी जी आधी येईल तिने ते धरायचं, अशी रीत पडली. त्यात तान्हं मूल असलेली एक जण रोज उशिरा पोचायची आणि रोज अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे फोडत बसायची. तिचा काही गुन्हा नव्हता. बाईंनी प्रत्येकीला महिन्याची वीस बटणं वाटली. सोमवारी सगळ्यांनी एकदमच यायचं, बंद मूठ पुढे करायची आणि एकदमच उघडायची. जिची बटणं जास्त तिला आठवडाभर मशीन, आणि ती बटणं परत डब्यात. एकदा एकीने खिडकी जिंकली आणि दुसरीला मिळू नये म्हणून नुसतीच मशीनवर पिशवी ठेवून बसली. दुपारच्या आत बाईंनी तिला उठवलं होतं.

पुढच्या रविवारी धाकटीला सुट्टी होती. शेवटचं म्हणून तरी ये, असा निरोप धाडून त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती आली आणि भावापासून टेबलाच्या लांबच्या टोकाला बसली. जावईबापू मधे बसले, कारण त्यांना दोन्हीकडे राहायचं होतं. बाईंनी बटणांचा डबा गल्ल्यावर आदळला आणि खुर्चीतूनच नवी पद्धत सांगितली. ज्याच्याकडे जेवढे पॉइंट शिल्लक तेवढी बटणं त्याला. कामावर असेल त्याने आपली बटणं पाकिटात घालून, चिकटवून आदल्या दिवशी दुकानात द्यावी. ग्रुपवर काही लिहायचं नाही. बटणं सारखी निघाली तर लीगच्या तक्त्यात जो तळाला, खेळाडू त्याचा. बेकरीवाला तक्त्यात कायम तळाला असायचा. त्याने मान इतक्या जोरात हलवली की सगळे हसले.

थोरल्याचं म्हणणं होतं की नवा नियम पुढच्या खेपेपासून लावावा, झालेला सौदा मागे जाऊन मोडणं न्यायाचं नाही. बोलणं खोटं नव्हतं, आणि ते बाईंनाही कळत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, की नियम करणारा तू, बोली लावणारा तू आणि घड्याळाकडे बघत बसणाराही तूच.  मग थोरला आपण होऊनच म्हणाला, की ठीक आहे, सोडतो तिला, पुन्हा होऊ दे बोली.

शर्टाची बारीक पांढरी बटणं वाटली गेली. प्रत्येकाने टेबलाखाली हात नेऊन आपापली मोजली. मग मुठी वर आल्या. बाईंनी गल्ल्यावर बोट आपटलं आणि मुठी उघडल्या.

इतर चौघांच्या मुठी रिकाम्या. बेकरीवाल्याची दोन. जावईबापूंची एक, तेवढ्यावरूनही बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं. धाकटीची सोळा. थोरल्याच्या तळहातावर मावत नव्हती. काही घरंगळून टेबलाखाली गेली. मोजली तर बावीस.

"हे तर याचे सगळेच पॉइंट गेले," बेकरीवाला म्हणाला. "उरलेलं वर्ष काय करणार? तुझा तर गोलरक्षक पण मोकळा होतोय."

धाकटीने ओठ दाबून धरले. या वेळी तक्रारीला जागा नव्हती. तिने पर्स ओढून घेतली.

बाईंना मात्र खिडकीजवळच्या मशीनवरची ती पिशवी आठवली. "किती सामने खेळवणार तिला?" त्यांनी विचारलं.

थोरला खाली वाकून सांडलेली बटणं वेचत राहिला.

"अरे, तुला विचारतेय."

"एकही नाही," तो टेबलाखालूनच म्हणाला. मग वर आला, पण आईकडे न बघता बहिणीकडे बघून बोलला. "पस्तिशीनंतर दर सामन्याला गुण उतरतात. तू तिला सगळेच्या सगळे सामने पळवतेस. वर्ष संपायच्या आत कॉम्प्युटर तिला निवृत्त करून टाकेल, मग यादीतून नावच जातं. माझ्याकडे बाकावर बसली तर तीन-चार वर्षं तरी राहील."

 गल्ल्याशेजारच्या गादीच्या खुर्चीकडे बघायचं सगळ्यांनीच टाळलं.

"दादा, हे त्या दिवशीच सांगायचं होतंस ना," धाकटी म्हणाली.  पर्स परत खाली ठेवून ती भावाच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली.

  खुर्चीच्या हातांवर जोर देऊन कात्रीबाई उठल्या. थोरला सवयीने, आई, तू फक्त, असं म्हणायला गेला, पण त्यांनी नुसतं बघितलं आणि त्याचं वाक्य अर्ध्यात राहिलं. चार पावलं चालून त्या टेबलापाशी आल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तू तिला पळवली नाहीस, एवढं मी मानते. जीव टाकून घेतलीस, तुझ्या मुठीत दिसलं सगळ्यांना. पण फळीवर ठेवली की कात्री टिकते, हे तुला कुणी शिकवलं? गंजते रे ती. लागोपाठ तीन सामने बसवलंस, तर चौथ्याला ती मोकळी, मग जो खेळवेल तो नेईल. हा नियम आत्ता, माझ्यासमोर त्या कॉम्प्युटरात लिही. आणि लिहून झालं की स्टुलावर चढ आणि माझी कात्री खाली काढ. उद्या चाळीस पँटी कापायच्यात, आणि माझा वेग काही चार नाही."