दहा भोकांची फळी

मी दहा भोकांची फळी बोलतेय. हसू नका. पहिलं भोक एका सेंटीमीटरचं, शेवटचं दहाचं. घडवणाऱ्या सुताराला वाटलं, मी कपबश्या ठेवायला असेन. बाळंतपणाच्या दवाखान्यात खिळ्याला लटकले, तेव्हा कुठे मला माझं काम कळलं. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, ते डॉक्टरबाई माझ्यावर बोट ठेवून दाखवतात; दहा झालं की बाळाची वाट मोकळी.

माणसांना डोळ्यांनी भोक दिसलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. त्यात आमचे मास्तर तर शाळेत गणित शिकवणारे! बायकोचे दिवस भरत आलेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन सेंटीमीटर. आजही होईल, पंधरा दिवसही लागतील." मास्तरांनी फक्त 'आज' ऐकलं. रजा टाकली, पिशवी भरली आणि संध्याकाळी बायकोला घेऊन पुन्हा हजर. बाईंनी तपासून घरी पाठवलं.

आठवड्याने आले, तर तीन. मास्तरांनी माझ्यापुढे उभं राहून त्रैराशिक मांडलं. "आठवड्याला एक, म्हणजे दहाला अजून सात आठवडे!"

"मी काय हत्तीण आहे का हो?" बायको म्हणाली.

"असं सरळ नसतं ते, मास्तर," डॉक्टरबाईंनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! मास्तरांनी उद्यापासून शाळेत जायचं ठरवलं.

बायकोने त्यांची बाही धरली. "थांबा ना. मला भीती वाटतेय. त्या वेळी तुम्ही हवेत मला."

"अगं, असणारच. म्हणून तर रजा वाचवतोय!"

दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूबाई तिला घेऊन धावत आल्या. कळांनी बिचारी वाकली होती. तिला शेजारच्या खोलीत नेलं. मास्तर परीक्षेच्या वर्गावर, फोन बंद, शिस्त म्हणजे शिस्त. सासूबाईंनी फोन लावून लावून पोराच्या नावाने कपाळाला हात लावला आणि आत गेल्या. भिंतीपलीकडून ती नवऱ्याला हाका मारत होती. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मधली सुट्टी व्हायच्या आत मुलगी झालीसुद्धा.

घरी जायच्या दिवशी सगळे डॉक्टरबाईंच्या खोलीत आले. मास्तरांनी मला खिळ्यावरून उतरवलं आणि लेकीच्या डोक्याजवळ धरलं. दहाव्या भोकातून तिचा झोपलेला चेहरा दिसत होता.

"एवढ्यातून?" त्यांनी विचारलं.

"हो," बायको म्हणाली. "हात मात्र आईंचा धरला होता."

मास्तरांनी डोळे पुसून मला पुन्हा टांगलं, पण उलटं, तोंड भिंतीकडे करून. डॉक्टरबाईंनी नंतर हसत सरळ केलं.

तेव्हा बाबांनो, माझ्या अंगावर भोकं दहा आहेत, तारीख एकही नाही. माझ्याकडे बघून हिशोब करू नका. ती 'थांबा' म्हणाली, की थांबा.