दरवाजा पक्का असलेलं यान

मित्रांनो, एकोडी गावात ताराचंदभाऊंच्या अंगणात ओट्याला लागून उभी असलेली पत्र्याची जुनी कोठी म्हणजे मी. धान सांभाळणं हे माझं काम. पण आज मी तुम्हाला अंतराळयानांची गोष्ट सांगणार आहे, आणि ती सांगताना माझा पत्रा अजूनही थरथरतो.

माझा जन्म साकोलीला, कैलाश पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. वर घट्ट झाकण, झाकणाला बाहेरून कडी आणि खाली धान काढायला एक छोटं तोंड, असा माझा थाट. काम संपल्यावर कैलाशने झाकण लावलं आणि खालच्या तोंडाला डोळा लावून आत पाहिलं. कुठूनही उजेडाचा ठिपका दिसेना. तो ताराचंदभाऊंना म्हणाला, "घेऊन जा बिनधास्त. मुंगी तं सोडाच, हवाबी नाही जात."

त्या शब्दांनी मी फुगले, ती कित्येक वर्षं फुगलेलीच राहिले. गावात इतरांच्या धानाला कीड लागायची, माझ्या पोटातल्या दाण्याला कधी लागली नाही. बायका घरधनीण उषाबाईंना विचारायच्या, "कोठी कुठून आणली वो?" माझी एकच खोड होती. उन्हात तापलं की माझा पत्रा टण टण वाजायचा. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती की मान वळवूनही कोणी पाहत नसे.

ताराचंदभाऊंची दोन मुलं, खुशबू आणि गोलू. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, धान कापणीला आलं होतं आणि मला रिकामी करून, धुऊन उन्हात ठेवलं होतं. पोरांना तेवढंच हवं होतं. खुशबूने खडूने माझ्या अंगावर तीन यानं काढली. पहिलं टीव्हीवरच्या कार्टूनमधलं, तव्यासारखं गोल आणि गरगर फिरणारं. दुसरं शाळेतल्या पुस्तकातलं. ते लांबच लांब, त्याच्या पोटात शेतं, झाडं आणि अख्खं गाव. तिसरं मोबाइलच्या खेळातलं, काळं, स्वतःच बोलणारं आणि गोळे फेकणारं.

"हे काळंवालं सगळ्यात भारी," गोलू म्हणाला. "जोरात पळते."

"पळून काय करतं? यान दरवाज्यावरून पाहाचं असते," खुशबू म्हणाली. "तिकडं बाहेर हवाच नाही. जराशी फट राहिली का खतम! ज्याचा दरवाजा पक्का, ते यान पहिला नंबर." आणि तिने गाव वाहून नेणाऱ्या यानावर बरोबरची खूण केली.

गोलू हिरमुसला. मग एकदम म्हणाला, "मंग आपली कोठी त्याच्याहून भारी! हिच्यातून तं हवाबी नाही जात."

"बस मंग हिच्यात अन् जा उडून," खुशबू हसली. "पण बोलू नको. तिकडं आवाजच नसते."

खरं सांगते, पहिला नंबर आपला आला म्हणून मी तेव्हा खूश झाले होते.

थोड्या वेळाने खुशबू बापाची शिदोरी घेऊन बांधीकडे निघाली. गोलू मागे राहिला. तो ओट्यावर चढला, झाकण उचललं आणि माझ्या पोटात उतरला. आत कडुनिंबाचा पाला अंथरला होता, त्यावर तो मांडी घालून बसला आणि झाकण ओढून घेतलं.

तेवढ्यात उषाबाई शेणमातीचं घमेलं घेऊन बाहेर आल्या. नवं धान घरी येईपर्यंत आत उंदीर-कीड शिरू नये म्हणून रिकामी कोठीसुद्धा लिंपून ठेवायची त्यांची रीत होती. पाला तर सकाळीच घातला होता. पुन्हा आत कशाला पाहायचं? त्यांनी कडी लावली, खालच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला आणि झाकणाची कड बोटांनी छान लिंपून काढली. आत गोलूने तोंडावर हात दाबून धरला होता. अंतराळात आवाज नसतो ना!

मला ओरडावंसं वाटत होतं. पण कोठी कशी ओरडणार?

ऊन चढलं. माझा पत्रा तापला. गोलूने झाकण ढकलून पाहिलं, ते हललं नाही. मग तो घाबरला. "आई! आई!" तो आतून पत्रा बडवू लागला. मातीने आवाज गिळला आणि बाहेर गेलं ते फक्त टण टण. स्वयंपाकघरात उषाबाई स्वतःशीच म्हणाल्या, "तापला वाटते पत्रा." आणि त्या भाजी चिरत राहिल्या.

हळूहळू बडवणं मंदावलं. मग थांबलं. त्या शांततेची जेवढी भीती वाटली, तेवढी मला आयुष्यात कधी वाटली नाही.

खुशबू बापाबरोबर परत आली. उषाबाईंनी विचारलं, "गोलू कुठी हाय? तुह्यासंग नाही आला काय?"

"माह्यासंग? तो तं घरीच होता, आई."

उषाबाईंच्या हातातला भाजीचा गंज, ते पातेलं, खणकन खाली पडला. गावामागे पाण्याने भरलेली बोडी होती. सगळ्यांच्या मनात एकच आलं. ताराचंदभाऊ "गोलू, गोलू" करत बोडीकडे धावले, मागून उषाबाई, शेजारीपाजारी. अंगण रिकामं झालं. तो इथे होता, माझ्या पोटात, आणि सगळे दूर दूर चालले होते!

खुशबूही धावत निघाली होती. पण फाटकापाशी ती थांबली. वळून तिने माझ्याकडे पाहिलं, अंगावरच्या खडूच्या यानांकडे, मग झाकणाच्या ताज्या मातीकडे. ती पांढरीफटक पडली.

"गोलू?"

तिने चिंधीचा बोळा उपसला आणि माझ्या तोंडाला कान लावला. आतून बारीकसं कण्हणं ऐकू आलं. "बाबाऽ! कोठीत हाय तो!" ती किंचाळली आणि नखांनी माती ओरबाडत कडीला भिडली.

ताराचंदभाऊंनी गोलूला बाहेर काढलं तेव्हा तो घामाने चिंब होता, ओठ सुकलेले, मान टाकलेली. तोंडावर पाणी मारलं. मग त्याने खोल श्वास घेतला आणि मोठ्याने रडला. उषाबाईंनी त्याला ओढून पोटाशी धरलं. साकोलीच्या डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं आणि पोरगं घरी आलं.

तो घरी आला त्याच संध्याकाळी ताराचंदभाऊंनी माझी कडी उपटून फेकली आणि खिळा-हातोडा घेऊन माझ्या गळ्याभोवती भोकंच भोकं पाडली. आता माझ्यात कोणी धान ठेवत नाही. ज्या गुणाचा मला गर्व होता तो गेला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

खुशबूने ती बरोबरची खूण पुसून टाकली. बराच वेळ ती तिन्ही यानांकडे बघत बसली होती.

"काय पाहून राहिली?" गोलूने विचारलं.

"यांचा दरवाजा आतून उघडते का नाही, ते कोणीच नाही सांगितलं," ती म्हणाली.

मित्रांनो, ऊन तापलं की माझा पत्रा आजही टण टण वाजतो. उषाबाई हातातलं काम टाकून धावत येतात, झाकण उचलतात आणि वाकून आत पाहतात. आत कोणी नसतं, हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी त्या पाहतात. झाकण लावण्याआधी तुम्हीही एकदा पाहत जा.